कानापासून कानापर्यंत: फोटोवरून बकच्या शिंगांचं माप

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका शिकाऱ्याला वर्षाला हरणाचा शिंगवाला एकच नर, म्हणजे बक, मारता येतो. धनुष्य असो, क्रॉसबो असो की बंदूक, आकडा एकच. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घाईने १२० इंची, म्हणजे शिंगांच्या सगळ्या मापांची बेरीज १२० इंच भरणारा, बक पाडला, तर नोव्हेंबरात माजाच्या दिवसांत त्याच झाडाखालून १५० इंची जाताना नुसतं बघत बसायचं. झाडावरच्या मचाणावरून तो दिसतो जेमतेम आठ-दहा सेकंद, तेही फांद्यांआडून. छाती धडधडत असताना भल्याभल्यांचा अंदाज वीस इंचांनी वर जातो. म्हणून माप आधीच, घरी टेबलावर बसून, फोटोवरून काढून ठेवायचं. आग्नेय ओहायोतल्या व्हिन्टन काउंटीत, मालकाची लेखी परवानगी घेतलेल्या एका खासगी शेतावर, आम्ही दोघांनी जुलै ते नोव्हेंबर एकाच बकवर हे काम केलं. त्याचे आकडे आणि त्यातल्या चुका पुढे आहेत.

आधी शब्दांचं बघू. मराठीत चिंकाऱ्याचंही शिंग आणि सांबराचंही शिंगच. चिंकाऱ्याचं जन्मभर टिकतं, सांबराचं गळतं आणि नवं येतं. इथलं व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण, या बाबतीत सांबराकडचं. हिवाळ्याच्या अखेरीस शिंगं गळतात, वसंतात मखमली कातडीखाली नवी फुटतात, ऑगस्टात वाढ थांबते आणि सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मखमल झाडाझुडपांवर घासून निघून जाते. शिंगाच्या मुख्य खोडाला मी दांडा म्हणतो आणि त्याला फुटलेल्या टोकांना फाटे. आपला बारशिंगा याच मोजणीवरून बारशिंगा झालाय. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषय मिटवला, त्यामुळे शिंग इंचांत कसं मोजतात हे आपल्याकडे फारसं कोणाला माहीत असायचं कारण नाही.

‘दीडशेचा बक’ हा आकडा शिकारीच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या बून अँड क्रॉकेट क्लबच्या पद्धतीतला. ही पद्धत १९५० पासून चालत आली आहे. दोन्ही दांड्यांची लांबी बाहेरच्या वळणावरून, प्रत्येक फाट्याची लांबी, दर दांड्यावर चार ठिकाणचा घेर आणि दोन दांड्यांमधलं आतलं अंतर, म्हणजे पसारा, या सगळ्यांची इंचांत बेरीज करायची. मोजायचं इंचाच्या आठव्या भागापर्यंत. बुंध्याजवळचा पहिला फाटा जी-१, मग जी-२, जी-३, जी-४. घेरांना एच-१ ते एच-४. फाटा धरायचा तर तो निदान एक इंच लांब हवा आणि रुंदीपेक्षा लांबी जास्त हवी. पसारा लांब दांड्याच्या लांबीपेक्षा जास्त भरला तर जादाचा भाग सोडून द्यायचा. एवढी झाली ढोबळ बेरीज. डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वजा केला की निव्वळ आकडा. सममित, म्हणजे ‘टिपिकल’ शिंगांसाठी बून अँड क्रॉकेटच्या कायम नोंदवहीची पायरी १७०, धनुर्धाऱ्यांच्या पोप अँड यंग क्लबची १२५ आणि ओहायोच्या बकआय बिग बक क्लबची १४०. टिपिकलमधला जागतिक विक्रम २१३ ५/८, कॅनडातल्या सस्कॅचवानमधला, १९९३ चा. आमच्या डोक्यात १४० ची पायरी होती.

फोटोवरून मोजणं म्हणजे त्रैराशिक. फोटोत ज्याचं खरं माप माहीत आहे अशी एक वस्तू धरायची, तिचे पिक्सेल मोजायचे, इंचाला किती पिक्सेल ते काढायचं आणि शिंगाच्या पिक्सेलांना त्याने भागायचं. हिशेब चौथीच्या पोराला जमेल असा आहे. गोम अशी की मोजपट्टी आणि शिंग कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर नसतात, आणि मोजपट्टीचं ‘माहीत’ असलेलं मापही त्या बकचं नसतं, सरासरी बकचं असतं.

फोटो चांगला हवा तर ट्रेल कॅमेरा, म्हणजे झाडाला बांधलेला आणि हालचाल होताच आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, बांधण्यापासूनच सुरुवात करावी लागते. चोरीच्या भीतीने लोक कॅमेरा सात-आठ फुटांवर बांधून खाली झुकवतात. ओळख पटवायला तो चालतो, मोजायला निकामी. वरून बघितलं की उभे फाटे आखूड दिसतात आणि पसारा डोक्यापेक्षा भिंगाच्या जवळ आल्याने फुगतो. आम्ही कॅमेरा साडेतीन फुटांवर, भिंग जमिनीला समांतर ठेवून आणि तोंड उत्तरेला करून बांधला. पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड केलं की नेमक्या सकाळ-संध्याकाळच्या फोटोंत ऊन भिंगात शिरतं. व्हिडिओ नाही, एका वेळी तीन फोटो. डब्यावर तीस-चाळीस मेगापिक्सेल लिहिलेलं असलं तरी त्यातला बराचसा आकडा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो. फोटोची फाइल मोठी होते, कडा मात्र तेवढीच धूसर राहते. आम्ही ८ मेगापिक्सेलवर, म्हणजे ३२६४ बाय २४४८ वर ठेवला.

जागा म्हणून ‘स्क्रेप’ निवडला. बक जमिनीवरची पानं खुरांनी उकरतो आणि वर लोंबणारी फांदी तोंडात धरून, कपाळ घासून तिच्यावर वास सोडतो. आम्ही पायवाटेकडेला साडेचार-पाच फुटांवर जंगली द्राक्षाची वेल दोरीने टांगली, खाली दोन फूट जमीन कुदळीने मोकळी केली आणि वेलीपासून बारा फुटांवर कॅमेरा लावला. बक तिथे थांबतो आणि डोकं सगळ्या बाजूंना फिरवतो. पायवाटेवर चालता चालता निघालेला फोटो धूसर येतो, इथला स्थिर येतो. मीठ किंवा मका टाकूनही बक थांबतो, पण मग मान खाली घालून उभा राहतो आणि ती मापाला सगळ्यात वाईट स्थिती. शिवाय हार्डिन, मॅरियन, वायंडॉट अशा, हरणांच्या मेंदूच्या सीडब्ल्यूडी रोगासाठी निगराणीखाली असलेल्या काउंट्यांत मीठ-खनिजं ठेवायलासुद्धा बंदी आहे.

कॅमेऱ्यांचे नियमही राज्याराज्यांत वेगळे आहेत. ॲरिझोनाने २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरा वापरायलाच मनाई केली. मोबाइलवर तत्क्षणी फोटो पाठवणाऱ्या कॅमेऱ्याचा इशारा मिळताच उठून मारलेला बक बून अँड क्रॉकेटच्या नोंदीला चालत नाही. आमचा कॅमेरा कार्डवाला. दर दोन आठवड्यांनी दुपारच्या वेळी, रबरी बूट घालून जायचं आणि कार्ड बदलून आणायचं.

जुलैतले फोटो मोजू नका. तेव्हा शिंगाची टोकं बोथट, फुगीर असतात, म्हणजे वाढ चालू आहे. मखमलीची जाडी सगळीकडून घेर वाढवते. जुलैचे फोटो फक्त तो बक कोणता हे ठरवायला कामाला आले: दोन्ही बाजूंना पाच-पाच टोकं (चार फाटे आणि दांड्याचं टोक), उजवा जी-४ आतल्या बाजूला किंचित वाकलेला, डाव्या कानाच्या खालच्या कडेला खाच. खाच टोकाला असती तर कानाची मोजपट्टीच बाद झाली असती. ओळख पटवायची ही कटकट टाळता येत नाही. आमच्याच फोटोंत पाच-पाच टोकांचा दुसरा एक बक होता, आणि पहिल्या फेरीत त्याचा एक बाजूचा फोटो याच्या खात्यात जमा झाला. वाकडा जी-४ दिसत नाही म्हणून तो काढला.

मोजणी केली ती १२ सप्टेंबर ते २० ऑक्टोबरमधल्या फोटोंवर. कार्डांवर ६४० फोटो होते, त्यात हा बक ५८ फोटोंत, त्यातले मोजण्याजोगे निघाले पाच. बाकीचे ५३ का फेटाळले ते सांगण्यासारखं आहे.

जवळपास निम्मे रात्रीचे. अवरक्त दिव्याच्या प्रकाशात शिंग पांढरं चकाकतं, त्याची चमक आजूबाजूच्या पिक्सेलांत सांडते आणि दांडा जाड दिसतो. याच बकचा बुंध्याचा घेर रात्रीच्या फोटोवर साडेपाच इंच भरला आणि दिवसाच्या फोटोवर पावणेपाच. शिवाय रात्री शटर जास्त वेळ उघडं राहतं, मान जराशी हलली तरी फाट्याचं टोक विरघळून जातं. काही फोटोंत बक फ्रेमच्या कडेला होता, आणि या कॅमेऱ्यांची रुंद भिंगं कडेच्या वस्तू ताणतात. मधल्या एक तृतीयांश पट्ट्याबाहेरचं काही घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. काहींत तो कॅमेऱ्यापासून पाच फुटांवर येऊन भिंग हुंगत होता. असे फोटो मित्रांना पाठवायला झकास, त्यात नव्वदचा बकही दीडशेचा दिसतो. उरलेल्यांत डोकं धड समोर नाही आणि धड बाजूला नाही, अशा तिरक्या कोनात.

आम्हाला हवे होते ते फोटो असे: दोन अगदी समोरून, नाक भिंगाच्या रेषेत, कान सावध होऊन आडवे पसरलेले, आणि डाव्या-उजव्या बाजूचा निदान एकेक, ज्यात नाकाची रेषा फोटोच्या पृष्ठाला समांतर आहे. समोरून तो खरंच सरळ बघतोय का हे कळायला एक साधी खूण आहे. दोन्ही डोळ्यांपासून नाकाच्या मधल्या रेषेपर्यंतचं अंतर मोजायचं. आमच्या चांगल्या फोटोत ते डावीकडे ५१ पिक्सेल आणि उजवीकडे ५३ होतं. दहा टक्क्यांहून जास्त फरक आला की फोटो बाजूला.

आता मोजपट्ट्या. बून अँड क्रॉकेट क्लबच्या मार्गदर्शनात चार मापं दिलेली असतात, उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक भागांतल्या सरासरी व्हाइटटेल नराची: सावध कानांच्या टोकांमधलं अंतर १६ इंच, कानाची लांबी ६ इंच, डोळ्याच्या मध्यापासून नाकाच्या टोकापर्यंत ८ इंच, डोळ्याचा घेर ४ इंच. दक्षिणेकडची हरणं अंगाने लहान असतात, तिथे हीच मापं लावली तर प्रत्येक बक विक्रमी ठरेल. मिसिसिपी स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी फोटोवरून स्कोअर काढायला बकस्कोअर नावाचं सॉफ्टवेअर बनवलं होतं, त्याचाही आधार शरीराच्या अशाच ठरावीक मापांचा. आम्ही इमेज-जे वापरलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तयार झालेला हा फुकट प्रोग्राम सूक्ष्मदर्शकाच्या फोटोंसाठी आहे, पण हरणाला काय फरक पडतो. सरळ रेषेचं साधन घेऊन कानाच्या टोकापासून टोकापर्यंत रेघ ओढायची, ‘सेट स्केल’मध्ये १६ लिहायचं, एकक इंच. मग वळणासाठी तुकड्यातुकड्यांची रेघ घ्यायची आणि एम दाबत जायचं. मापं तक्त्यात आपोआप उतरतात. दोघांनी वेगवेगळं, एकमेकांचे आकडे न बघता मोजायचं.

समोरच्या चांगल्या फोटोत कान ते कान ४०० पिक्सेल भरले, म्हणजे इंचाला २५. पसारा ४२४ पिक्सेल, जवळजवळ १७ इंच. इथेच बहुतेकांचा हिशेब संपतो. पण दांडे बुंध्यातून आधी मागे-बाहेर जातात आणि मग पुढे वळतात. सर्वांत रुंद जागा कानांच्या रेषेच्या साधारण सहा इंच पुढे, कॅमेऱ्याकडे असते. कान १४४ इंचांवर असतील तर ती जागा १३८ इंचांवर, म्हणजे चार टक्के मोठी दिसणार. १७ चे झाले सव्वासोळा. हाच बक पंचवीस फुटांवर असता तर दोनच टक्के कापावे लागले असते, पण मग इंचाला पिक्सेल निम्म्याहून कमी उरले असते. बारा ते अठरा फूट हा त्यातला मध्यम मार्ग.

फाटे समोरून मोजायचे नाहीत, जी-१ सोडून. वेलीकडे तोंड वर केलेल्या बकचे फाटे मागे झुकतात आणि तीस अंश झुकलेला साडेनऊ इंची फाटा सव्वाआठ दिसतो. हा एक प्रकार सोडला तर फोटोतल्या जवळपास सगळ्या चुका माप वाढवणाऱ्याच असतात. जी-२, जी-३, जी-४ बाजूच्या फोटोवरून, मोजपट्टी डोळा ते नाक. आमचा डावीकडचा फोटो अठरा फुटांवरचा होता. डोळा ते नाक १३० पिक्सेल, इंचाला सव्वासोळा. जवळच्या बाजूचा जी-२ भरला १५८ पिक्सेल, म्हणजे ९.७ इंच. शिंग डोळ्याच्या पाचेक इंच अलीकडे असतं, म्हणून सव्वादोन टक्के कमी, साडेनऊ. पलीकडच्या बाजूचं शिंग त्याच फोटोत मोजायचा मोह होतो. करू नये. ते दूर असतं, अर्धं झाकलेलं असतं आणि दोन चुका एकमेकींना कधी खातात, कधी वाढवतात.

फाटा सुरू कुठून होतो यावरून आमच्या दोघांच्या आकड्यांत सर्वांत मोठा फरक निघाला. फाट्याची लांबी दांड्याच्या वरच्या कडेपासून धरतात. म्हणजे फाटा जणू तिथे नाहीच असं समजून दांड्याची वरची कड सरळ ओढायची, ती फाट्याला जिथे छेदते तिथून टोकापर्यंत. एकाने दांड्याच्या मध्यापासून मोजलं होतं. दर फाट्याला पाऊण इंच, आठ फाट्यांना सहा इंच. खालच्या कडेपासून मोजलं असतं तर दहा-बारा इंच फुकटचे मिळाले असते. कोणी फोटो दाखवून ‘१६५ आहे’ म्हणालं की आधी हेच विचारावं.

दांड्याची लांबी हे यातलं अवघड माप, कारण तो तिन्ही दिशांना वळतो आणि कुठलाच फोटो तो पूर्ण दाखवत नाही. ढोबळ नियम असा की बाजूने बघताना दांड्याचं टोक नाकाच्या टोकापर्यंत पोचत असेल तर बावीस ते चोवीस इंच. आम्ही दोन तुकडे केले. बुंध्यापासून सर्वांत रुंद जागेपर्यंत बाजूच्या फोटोत ११ इंच. तेवढ्यात तो समोरच्या फोटोनुसार ६ इंच बाहेर गेला. ११ चा वर्ग अधिक ६ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ साडेबारा. पुढचा तुकडा टोकापर्यंत १० इंच, आणि ४ इंच परत आत. तो पावणेअकरा. बेरीज सव्वातेवीस. नुसता बाजूचा फोटो धरला असता तर २१ लिहिलं गेलं असतं. पायथागोरस शाळेनंतर पहिल्यांदाच कामाला आला असेल.

घेर हा फोटोचा सर्वांत कच्चा भाग. दांड्याची जाडी पिक्सेलांत मोजून ३.१४ ने गुणायची. इंचाला २५ पिक्सेल असताना कडेवर तीन पिक्सेल इकडेतिकडे झाले की घेरात तीन अष्टमांशाचा फरक. असे आठ घेर, म्हणजे एकूण तीन इंच. बुंध्याच्या खडबडीत कडीवर मोजायचं नाही, कडी आणि जी-१ यांच्यामधली सर्वांत बारीक जागा शोधायची, आणि शरदात कपाळाचे केस तीच जागा झाकतात. इथे दुसरी तपासणी डोळ्यावरून केली: डोळ्याचा घेर ४ इंच, बुंधा त्याहून किंचित जाड दिसतोय, म्हणजे पाचाच्या आत. एवढ्यावर समाधान मानलं.

पाचही फोटोंवर दोघांनी मोजलेल्या आकड्यांची सरासरी न घेता मधला आकडा घेतला, कारण एखाददुसरा आकडा फार फुगला की सरासरीही तिकडेच झुकते. आमचा अंतिम तक्ता असा होता: डावा दांडा २३, फाटे ४ ४/८, ९ ४/८, ८ ४/८, ५. उजवा दांडा २३ २/८, फाटे ४ २/८, ९, ८, ४ ४/८. घेर दर बाजूला ४ ६/८, ४ २/८, ४ २/८, ३ ६/८. पसारा १६ २/८. एकूण १४९ ६/८, दोन बाजूंतला फरक २, निव्वळ १४७ ६/८.

त्यानंतर काठीचा प्रयोग. कॅमेरा जागचा हलवलेला नव्हता, म्हणून दर इंचाला काळी रेघ आणि फुटाला लाल पट्टा असलेली चार फुटी लाकडी पट्टी घेऊन बक जिथे उभा होता तिथे गेलो. समोरच्या फोटोत त्याचा पुढचा खूर उकरलेल्या मातीच्या कडेवर, एका मुळाला लागून दिसत होता. कान खुरांच्या सरळ वर असतात असं नाही, त्यामुळे मानेचा कोन बघून पट्टी चारेक इंच पुढे, डोक्याच्या उंचीवर आडवी धरली आणि त्याच कॅमेऱ्याने फोटो काढला. इंचाला भरले २५.८ पिक्सेल. म्हणजे या बकचे कान १६ इंच नाहीत, साडेपंधरा आहेत. आम्ही ते मानलं नाही. पट्टी सहा इंच मागे-पुढे झाली की चार टक्के फरक पडतो, आणि हा फरक तर तीनच टक्क्यांचा. पुस्तकातला १६ तसाच ठेवला आणि वहीत निव्वळ १४७ ६/८, चूक पाच टक्के, असं लिहून टाकलं. खालच्या टोकाला धरलं तरी १४० च्या वर होता.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो क्रॉसबोच्या बावीस यार्डांत आला. कवटीतलं शिंग ताजं असतानाच पाव इंच रुंदीच्या पोलादी टेपने मोजलं. दांड्याच्या वळणासाठी बारीक पोलादी तार बसवून चिमट्याने खूण केली आणि ती टेपवर सरळ धरली. कापडी टेप ताणली जाते, तिने मोजू नये. आकडे असे आले: पसारा १५ ४/८, दोन्ही दांडे मिळून ४४ ५/८, फाटे मिळून ५१, घेर मिळून ३२ २/८. एकूण १४३ ३/८, फरक २ ४/८ वजा जाता निव्वळ १४० ७/८.

ढोबळ बेरजेत ६ ३/८ इंच जास्त धरले होते. एखादा फाटा चुकला असता तर फरक एकाच ठिकाणी साठला असता. इथे पसारा पावणेपाच टक्के, दांडे साडेतीन, फाटे सव्वाचार, घेर पाच, असं सगळं एकाच प्रमाणात फुगलेलं. असा सगळीकडे सारखा पसरलेला फरक दिसला की मोजणाऱ्याचा हात तपासत बसायचं नाही, मोजपट्टी तपासायची. अंग ताठ व्हायच्या आधीच कान हाताने सावध स्थितीत आडवे धरून तीनदा मोजून ठेवले होते: १५ २/८, १५ २/८, १५ ३/८. डोळा ते नाक ७ ५/८. दोन्ही मोजपट्ट्या पुस्तकापेक्षा पावणेपाच टक्क्यांनी आखूड. आमचा तक्ता त्या प्रमाणात कापला तर १४२ ६/८ येतो, खऱ्यापेक्षा पाच अष्टमांश कमी. काठीने अर्धा इंच आधीच सांगितला होता.

अधिकृत माप किमान साठ दिवस घरच्या हवेत सुकल्यावरच घेतात. कवटी सुकताना पसारा आत येतो, घेरही किंचित उतरतो. मापकाच्या टेपवर निव्वळ १३९ ५/८ आलं, १४० ला तीन अष्टमांश कमी. फोटोवरून ठरवताना ओल्या शिंगाचे एक ते दीड इंच वेगळे वजा करायला हवेत, ते आम्ही केले नव्हते.

शेजारच्या दोन शेतांवर त्याच हंगामात पडलेल्या बकांचे कानही मोजून घेतले: १५ ४/८ आणि १५ १/८. या डोंगराळ भागासाठी आता वहीत सव्वापंधरा आणि ७ ५/८ लिहिलं आहे. वेलीखाली एक खांब ठोकून ठेवला आहे, फुटाफुटाला रंगवलेला, कॅमेऱ्यापासून टेपने मोजून बारा फुटांवर. ताज्या रंगाचा वास जावा म्हणून ते काम मे महिन्यातच उरकलं.